कोल्हापूर ते न्हावा शेवा, दहा टायर, साखरेचा लोड: उतारावर गाडी कशी धरायची?

नवा_स्टिअरिंग: हेवीचं लायसन झालंय, आजवर टेम्पोच चालवलाय. पुढच्या आठवड्यापासून दहा टायर, बीएस-6 गाडी, एक्झॉस्ट ब्रेकवाली (धुराची वाट अडवून इंजिनच गाडीला रोखतं). कात्रजच्या नव्या बोगद्यापुढचा उतार आणि बोरघाट या दोन जागांची धास्ती आहे. निघण्याआधी काय बघायचं, गिअर कोणता ठेवायचा?

घाटमाथा: अमुक नंबरचा गिअर असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, गिअरबॉक्स वेगवेगळे असतात. तेवढाच माल घेऊन तोच उतार चढताना जो गिअर लागेल, त्याच्या एक खाली. परीक्षा सोपी आहे: एक्झॉस्ट ब्रेक चालू, पाय ब्रेकवरून काढलेला, आणि तरी गाडी जागच्या वेगाला रेंगाळते? मग गिअर बरोबर. आरपीएमची सुई चढतच राहिली तर गिअर मोठा आहे.

आणि तो बोगद्यात असतानाच पाडा. बाहेर पडलं की थेट नवले पुलापर्यंत उतार. रस्ता रुंद, त्यामुळे डोळ्याला सपाट वाटतो आणि वेग कधी वाढला ते कळत नाही. अर्ध्या उतारावर गिअर पाडायला गेलात आणि तो पडला नाही, तर गाडी न्यूट्रलमध्येच अडकते. एक्झॉस्ट ब्रेक क्लच दाबला की सुटतो, हेही डोक्यात ठेवा.

ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. ठरवलेल्या वेगापर्यंत जाऊ द्या, मग नीट दाबून 8-10 किलोमीटरने वेग उतरवा आणि पाय पूर्ण काढा. पुन्हा तेच. सारखं फटफट पंप केलं तर कॉम्प्रेसर भरेपर्यंत टाकीतली हवाच संपते.

वजनकाटा: आधी लोड बघा. तीन ॲक्सलच्या दहा टायर गाडीला एकूण वजनाची मर्यादा 28.5 टन. रिकामी गाडी साडेनऊ-दहा टनांची धरली तर माल साडेअठरा टनांच्या आसपास, म्हणजे 50 किलोची 370 पोती. रिकाम्या गाडीचं वजन मात्र आरसीवर बघूनच हिशोब करा. "वीस-तीस पोती जास्त टाकू" म्हणणारे भेटतील. जादा वजनाला 20,000 रुपये दंड, वर दर जादा टनाला 2,000. आणि उतारावर ती पोती तुमच्याच ब्रेकवर बसणार.

लाइनर_ड्रम: सकाळी, गाडी सपाटीला, चाकांना ठोकळे लावून:

हवेच्या टाक्यांचे ड्रेन कॉक उघडून पाणी काढा. पावसाळ्यात तर रोज. मग हवा पूर्ण भरा, इंजिन बंद करा, ब्रेक दाबून धरा आणि एक मिनिट सुई बघा. पाव बारपेक्षा जास्त उतरली तर गळती आहे, किन्नरला (गाडीवरच्या क्लीनरला) खाली आवाज शोधायला लावा.

नंतर हँडब्रेक सोडून किन्नरला चेंबरचा पुशरॉड (हवेने बाहेर सरकून ब्रेक लावणारा दांडा) बघायला सांगा. ब्रेक दाबल्यावर किती बाहेर येतो ते सगळ्या चाकांना सारखं हवं. एखाद्याचा जास्त येत असेल तर स्लॅक ॲडजस्टर (ब्रेकची ढील काढणारा भाग) ढिला किंवा लाइनर (चाकाच्या ड्रमला आतून घासणारी ब्रेकची पट्टी) संपलाय. थंडीत लागणारा ब्रेक घाटात का जातो, त्याचं उत्तर इथेच आहे: ड्रम तापला की फुगतो, लाइनरपासून लांब जातो. थंड असतानाच पुशरॉड शेवटापर्यंत येत असेल तर तापल्यावर त्याला जायला जागाच उरत नाही.

डिझेलवाचवा: एवढं घाबरवू नका राव. लाइनवरचे निम्मे ड्रायव्हर नवले उतार न्यूट्रलला उतरतात, डिझेलही वाचतं.

घाटमाथा: वाचत नाही. बीएस-6 गाडीत गिअर लागलेला आणि ॲक्सिलरेटर सोडलेला असेल तर उतारावर इंजिनाला डिझेल जाणंच बंद होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला उलट डिझेल लागतंच. शिवाय एक्झॉस्ट ब्रेक निकामी, सगळा भार ड्रमवर. नव्या माणसाला हे शिकवू नका.

बिल्टीवाला: एक अवांतर. ई-वे बिल (मालासोबत लागणारं जीएसटीचं ऑनलाइन बिल) दर 200 किलोमीटरला 1 दिवस चालतं, तुम्हाला 2 मिळतील. बंदराबाहेर रांग लागली तर मुदत संपण्याच्या 8 तास आधीपासून 8 तास नंतरपर्यंत वाढवता येतं. ट्रान्सपोर्टवाल्याला वेळेत फोन करा.

नवा_स्टिअरिंग: सगळ्यांचे आभार. उतारात चाकातून धूर आला तर पाणी मारायचं का?

लाइनर_ड्रम: अजिबात नाही, तापलेला ड्रम पाण्याने तडकतो. वास आला तेव्हाच वेग आणखी उतरवा आणि पहिल्या सुरक्षित सपाट जागेला थांबा. ठोकळे लावा, नुसत्या हँडब्रेकवर भरवसा नको. ड्रमला हात न लावता, जवळ तळवा धरून सगळी चाकं ताडून बघा. बाकीच्यांपेक्षा थंड चाक म्हणजे त्याचा ब्रेक लागतच नाही. एकच चाक फार तापलेलं असेल तर ते अडकलंय. दोन्हीपैकी काहीही दिसलं तर बोरघाटाकडे न जाता पुण्यातच मिस्त्री गाठा.