मदत हवी आहे : सेरेब्रल पाल्सी, पहिलीचा वर्ग आणि बसायची सोय

मुलगी जूनमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत जाणार. सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचाल आणि तोल सांभाळणं अवघड जातं. समज उत्तम, बोलणं सावकाश पण स्पष्ट. वॉकर धरून चालते. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे, प्रवेशही झालाय, त्यामुळे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याबद्दल विचारत नाहीये. मुख्याध्यापक आणि वर्गाच्या बाई मनापासून तयार आहेत, हे फार मोठं आहे.

अडचण बसण्याची. अंगणवाडीत ती हात असलेल्या बुटक्या खुर्चीत बसायची. शाळेच्या बाकावर पाय अधांतरी राहतात, कंबर पुढे घसरते, तोल सावरायला डाव्या हाताने बाक घट्ट धरावा लागतो; मग लिहिताना वही सरकते. पायाखाली पाट ठेवून पाहिला, थोडा फरक पडला. पाठीमागची उशी मात्र टिकत नाही. गटसाधन केंद्रात (तालुक्याच्या शाळांना मदत करणारं शिक्षण खात्याचं केंद्र) खुर्चीसाठी अर्ज दिलाय, पण मोजमाप शिबिराची तारीख अजून नाही.

तिला कोपऱ्यात एकटी बसवायची नाही, मैत्रिणींच्या रांगेतच हवी. आम्ही दोघंही कामावर, शाळेत थांबता येत नाही.

गावच्या सुताराकडून अशी खुर्ची-टेबल कोणी करून घेतलीय का? मुलाची कोणकोणती मापं घेतलीत, आणि मूल घसरू नये म्हणूनचा पट्टा नेमका कुठे लावलात?