'निचिजोऊ' संपल्यावर काय पाहावे? शाळकरी विनोदी ॲनिमेंचे अनुभव

'निचिजोऊ' (२०११) या जपानी ॲनिमेशन मालिकेचे (ॲनिमेचे) २६ भाग संपवल्यावर पुढे काय, असे अनेकांनी विचारल्यामुळे हा धागा काढत आहे. मुख्याध्यापक हरणाशी कुस्ती खेळतात तो प्रसंग क्योतो ॲनिमेशनने युद्धपटाच्या गांभीर्याने रंगवला आहे आणि माझ्या मते हसू येते ते त्या गांभीर्यामुळेच. म्हणून गोष्ट शाळेत घडते एवढ्यावरून नावे न सुचवता, आपल्याला नेमके कुठे हसू आले तेही कृपया लिहावे.

०

माझी शिफारस 'अझुमांगा दाइओह' (२००२). कियोहिको अझुमा यांच्या चार चौकटींच्या मांगावरून (जपानी चित्रकथेवरून) ही मालिका निघाली आणि चौकटींमधली शांतता तिने जपली आहे. उंचपुरी, अबोल साकाकी मांजराला कुरवाळायला हळूच हात पुढे करते, मांजर कडकडून चावते, आणि तिच्या चेहऱ्यावरची रेषाही हलत नाही. मी तर तेवढा तुकडा मागे नेऊन पुन्हा पुन्हा पाहते.

०

वरील प्रतिसादाशी सहमत.

०

ताई, मुलांच्या बाजूने 'दानशी कोऊकोऊसेई नो निचिजोऊ' (२०१२) सुचवतो. नाव सारखे असले तरी 'निचिजोऊ'शी तिचा संबंध नाही. नदीकाठी एकटा बसलेल्या हिदेनोरीच्या मागे एक अनोळखी मुलगी येऊन उभी राहते; तिला कादंबरीतल्यासारखी भेट हवी आहे हे ओळखून तो वाऱ्याविषयी एक भारदस्त वाक्य टाकतो आणि मनातल्या मनात लाजेने अर्धमेला होतो. आमच्या वसतिगृहात हा भाग लावला, तेव्हा त्या वयात असे काहीतरी बोलून बसलेले सगळेच लोटपोट झाले.

०

मी चित्रे काढते, त्यामुळे 'गेक्कान शोऊजो नोझाकी-कुन' (२०१४) मला विशेष जवळची. शाळकरी चियो प्रेम व्यक्त करायला जाते, मांगा काढणारा नोझाकी तिला चाहती समजून स्वाक्षरी देतो, आणि पुढे ती त्याच्या घरी मांगाच्या पानांवर काळी शाई भरत बसते. प्रेमकथा मार्गी लागेल या आशेने मात्र पाहू नये, कारण १२ भागांनंतरही ती तिथेच आहे.

०

'कागुया-सामा' (२०१९) चे नाव अजून कसे आले नाही? आधी प्रेम कबूल करील तो हरला, एवढ्या एका हट्टावर विद्यार्थी मंडळातले दोघे हुशार एकमेकांसाठी सापळे रचत राहतात. निवेदक फार भरभर बोलतो, तेव्हा सबटायटल्स वाचायची सवय नसेल तर आधी 'अझुमांगा' पाहावी आणि मग इकडे यावे.