धान्य महागलं की दंगे होतातच का?

मालवणकर: पावसात घाट बंद पडला की कोल्हापूरची भाजी इथे कोकणात कडाडते, पण कोणी दगड उचलत नाही. मग २०११ला इजिप्तमध्ये जनतेच्या उठावाचा भडका का?

देवगडवासी: भाजी आणि मुख्य धान्य यांत फरक आहे. भाजी कमी करता येते, भात-भाकरी नाही. ऑगस्ट २०१०मध्ये दुष्काळामुळे रशियाने गव्हाची निर्यात थांबवली, जगभर भाव चढले. इजिप्त मोठा आयातदार, गरिबांची भिस्त अनुदानित रोटीवर. पण नुसता भाव पुरत नाही. बेकारी आणि पोलिसांची दंडेली हे सरपण आधीच रचलेलं होतं. तिथेच जानेवारी १९७७मध्ये अनुदान कापताच दंगली उसळल्या आणि राष्ट्राध्यक्ष सादात यांच्या सरकारने निर्णय मागे घेतला. सरकारनेच भाव वाढवला की रागाला पत्ता मिळतो.

चिपळूणचा वाचक: कोकणात तांदूळ घरचा किंवा रेशनचा: प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य, अंत्योदयला (सर्वांत गरीब) कुटुंबामागे ३५. म्हणून धोका ओळखताना भाजीबाजार नको. मुख्य धान्याचा भाव, सरकारी साठा आणि घरखर्चातला अन्नाचा वाटा बघा. रेशन दोन महिने रखडलं तर मात्र गणित फिरतं.

गुहागरी: आपल्याकडे राग मतपेटीतूनही निघतो, १९९८ला दिल्लीत कांद्याने सत्ताधाऱ्यांना रडवलं. मुंबईत १९७०च्या दशकात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध लाटणं मोर्चे काढले. आणि जुलै २०२३ची बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यातबंदी विसरू नका: ती इथल्या ग्राहकासाठी होती, पण भरडला पश्चिम आफ्रिकेतला आयातदार.