प्रवासात शेजारच्याला 'फोनचा आवाज कमी करा' हे तुम्ही कसं सांगता? (अनुभव धागा)

मागच्या आठवड्यात आईला पुण्याहून घेऊन येत होते, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा लावलेला आणि डोकं ठणकत होतं तिचं. नारायणगावला मागच्या सीटवर एक पंचविशीचा मुलगा येऊन बसला आणि रील्स सुरू, फुल आवाजात. एक गाणं धड संपू द्यायचं नाही, दहा सेकंद झाले की बोट वर, मग कोणीतरी खदाखदा हसतंय, मग परत पहिलंच गाणं. आळेफाटा गेला, चंदनापुरी घाट गेला, मी नुसती मागे वळून बघतेय की ह्याला आपोआप कळावं, आणि आई पदराने कान झाकून बसलेली. शेवटी संगमनेर स्टँडवर गाडी थांबली तेव्हा धीर करून म्हटलं, दादा, आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय, जरा आवाज बंद करता का. त्याने लगेच फोन खिशात टाकला. "सॉरी ताई, आधी सांगायचं ना." नाशिकला आमची बॅग पण त्यानेच वरून काढून दिली.

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. दीड तास मी मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या, आईला त्रास होऊ दिला, आणि काम एका वाक्याचं होतं. तुम्ही सांगता का? कसं सांगता? आणि तुम्हाला कोणी सांगितलं तर काय वाटतं? खरे अनुभव लिहा प्लीज.

नाशिकरोडची पासवाली

ताई, मी ११ वर्षं पंचवटी एक्स्प्रेसने अपडाऊन करतेय. आपल्या पंचवटीत पासधारकांनीच आदर्श डबा चालवला, त्यात फोन सायलेंटवर हा नियम लोकांनी आपण होऊन पाळला, तो काही वरून आला नव्हता. मी दुसऱ्या डब्यात असते. सकाळी सातच्या गाडीला अर्धी माणसं झोपेत, कोणी पोथी वाचतंय, कोणी डब्यातली पोळी खातंय, आणि अशात एक जण इगतपुरी सुटल्यावर साईटवरच्या सुपरवायझरला झापायला लागला. पुढे घाट. बोगदा आला की रेंज जाते, हा आणखी जोरात हॅलो हॅलो, बोगदा संपला की परत पहिल्यापासून. लोकांना हे कळत नाही की रेंज नसली तर ओरडून काही पोचत नाही, आणि रेंज असली तर हळू बोललेलं सुद्धा पोचतं.

मी आता चिडत नाही. कॉल कट झाला की लगेच सांगते, "दादा, कसारा येईपर्यंत असंच तुटत राहणार, खाली उतरून निवांत लावा." बहुतेक जण ऐकतात कारण त्यात त्यांचा पण फायदा असतो. कॉल चालू असताना मात्र मधे बोलायचं नाही, तेव्हा माणूस आधीच तापलेला असतो.

विदर्भ टू नाशिक

सगळेच ऐकतात असं नाही हो. नागपूरहून येताना रात्री एक वाजता खालच्या बर्थवरचे काका सिरीयल बघत होते, स्पीकरवर. माझी मुलगी ४ वर्षांची, तीनदा उठली. मी अगदी हात जोडून सांगितलं तर म्हणे मी पण तिकीट काढलंय. मग मी १३९ ला कळवलं, थोड्या वेळाने टीसी आले, त्यांनी शांतपणे समजावलं आणि आवाज बंद झाला. सकाळपर्यंत त्या काकांनी तोंड फिरवून ठेवलं, ते मला लागलंच, पण मुलगी झोपली.

माहितीसाठी सांगतो, रेल्वेने जानेवारी २०२२ मध्ये सूचना काढल्यात की डब्यात मोठ्याने फोनवर बोलायचं नाही, मोठ्याने गाणी लावायची नाहीत आणि रात्री १० नंतर नाईट लॅम्प सोडून दिवे बंद. मुंबईत बेस्टने पण एप्रिल २०२३ मध्ये बसमध्ये हेडफोनशिवाय मोबाईलवर गाणी-व्हिडिओ लावायला मनाई केली. म्हणजे आपण काही जगावेगळं मागत नाही.

अभ्यासिकेतली

माझी परीक्षेची तयारी चालू आहे, प्रवास कमी, अभ्यासिका जास्त. तिथे बोलत कोणी नाही पण टेबलावर व्हायब्रेटवर ठेवलेला फोन! लाकडाच्या लांब टेबलावर तो घुर्रर्र करत सरकत जातो आणि दहा जणांची मान वर. मी एकीला चिठ्ठी लिहून दिली, फोन वहीवर ठेव ना. तिने ठेवला, आणि आता आम्ही चहाला बरोबर जातो.

आणि शेजारचा फोनवर बोलत असला की वाचणं का होत नाही त्यावर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रयोग केला होता. दोघांचं बोलणं ऐकू आलं तर एवढं लक्ष जात नाही, पण एकाच बाजूचं ऐकू आलं तर मेंदू पुढचं काय असेल ते जुळवत बसतो. "अगं काय सांगतेस!" एवढंच ऐकलं की संपलं.

गोदाकाठ

थोडं वेगळं लिहितो. फेब्रुवारीत आत्याचा दहावा रामकुंडावर केला. पिंड ठेवलेला, सगळे लांब उभे राहून कावळ्याची वाट बघतोय, आत्याची मुलगी मनातल्या मनात काहीतरी कबूल करत असणार, ओठ हलत होते तिचे. तेवढ्यात आमच्यातल्याच एकाचा फोन वाजला, नाचायचं गाणं रिंगटोन, आणि तो खिशात शोधतोय तर सापडेना. खाली उतरलेला कावळा उडाला. कोणी काही बोललं नाही. पण तिचा चेहरा मी विसरणार नाही.

त्याच वेळी धाकटी बहीण कॅनडातून व्हिडिओ कॉलवर होती, तिच्याकडचा आवाज म्यूट केलेला, पुतण्याने फोन छातीशी धरलेला, अर्धा तास हात हलवला नाही पोराने. कावळा परत आला, शिवला, ते तिने तिकडे मध्यरात्री बघितलं. म्हणून फोन नकोच असं मी म्हणणार नाही. आता आमच्याकडे कार्य असलं की घरातून निघतानाच मी सगळ्यांना फोन सायलेंट करायला लावतो, तिथे गेल्यावर सांगत बसत नाही.

सिडकोवाली

मला दुसरी बाजू सांगायची आहे. वडील आयसीयूत होते, मी सिटीबसमध्ये, भावाचा फोन आला की रक्त लागणार आहे, आणि नाशिकच्या द्वारका चौकात एवढा हॉर्नचा गोंगाट की मी ओरडूनच बोलले असणार. मागून एक बाई म्हणाल्या, "घरच्या पंचायती घरी करा." मी पुढच्याच स्टॉपला उतरले आणि रिक्षा शोधत रडले. त्यांना माहीत नव्हतं हे मला कळतं. पण सांगायच्या आधी एकदा चेहरा बघा समोरच्याचा. नुसतं "काही मदत हवी का" म्हणाल्या असत्या तरी मी आवाज खाली घेतला असता.

वय वर्षे ७१

मला एका मुलीने सांगितलं, त्याचा अनुभव लिहितो. आमच्या वेळी इनकमिंगला सुद्धा पैसे पडत, २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं, तोपर्यंत माणूस दोन वाक्यांत फोन आटपायचा. आता मला ऐकू कमी येतं. कानात मशीन आहे, फोन कानाला लावला की ते शिट्टी मारतं, म्हणून मी स्पीकरवर बोलतो. हौस म्हणून नाही. एकदा पंचवटी कारंजाला बसमध्ये नातू फोनवर होता, लाईट बिल भरताना माझ्या फोनवर आलेला ओटीपी त्याला मी वाचून दाखवला, खणखणीत आवाजात, सहाच्या सहा आकडे. शेजारची कॉलेजची मुलगी जवळ येऊन हळूच म्हणाली, "आजोबा, तुमचा ओटीपी सगळ्या बसने ऐकला, असं नका करू, कोणीतरी फसवेल." आवाज मोठा आहे असं म्हणाली नाही ती. माझी काळजी केली. तेव्हापासून मी प्रवासात फोन उचलला की एवढंच बोलतो, बसमध्ये आहे, उतरल्यावर करतो.

धागाकर्ती

सिडकोवाली ताई, वाचून पोटात कालवलं. वडील आता कसे आहेत ते नक्की लिहा. आणि खरंय, मी त्या मुलाचा चेहरा एकदाही नीट बघितला नव्हता.

काका, माझ्या सासऱ्यांना पण शिट्टीचा हाच त्रास होता. मशीन कानामागे बसणारं असेल तर फोन कानाच्या भोकाशी न धरता थोडा वर, मशीनच्या माईकजवळ धरून बघा, त्यांची शिट्टी त्याने बरीच कमी झाली. काही मशीनला टेलिकॉइल (फोनचा आवाज माईकशिवाय थेट पकडणारी छोटी गुंडाळी) असते, काही ब्लूटूथने थेट फोनला जोडता येतात. जिथून घेतलंय तिथे मशीन आणि फोन दोन्ही घेऊन जा आणि समोर बसून जोडून घ्या, फोनवर विचारत बसू नका.