मदत हवी आहे: ह्युमिडिफायरमध्ये नॅनो सिल्व्हर टाकलं तर छातीला चालतं का?

संत्रानगरी_ताई:
नमस्कार मंडळी, नागपूरची आहे, प्रश्न थोडा विचित्र आहे पण डोकं फिरून राहिलं म्हणून विचारते. बाबा 71 वर्षांचे, दोन वर्षांआधी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. यंदा नवतपा लागायच्या आधीच पारा 45 च्या घरात, दिवसा कूलर आणि रात्री एसी, एसीने घसा कोरडा पडतो म्हणून भावाने ते धुकं सोडणारं छोटं मशीन आणलं, अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर. इथवर ठीक. मग बाबांनी एका प्रदर्शनातून नॅनो सिल्व्हरची, म्हणजे चांदीचे एकदम बारीक कण घातलेल्या पाण्याची बाटली उचलली, वर 50 पीपीएम लिहिलंय. विकणारा म्हणे दहा मिली टाका, हवेतले जंतू मरतात, कूलरच्या टाकीतही चालतं. तीन आठवडे झाले, रोज रात्री दार-खिडक्या लावून तेच सुरू आहे. आठ दिवसांपासून सकाळी कोरडा खोकला. बंद करा म्हटलं तर म्हणतात, "चांदीचा वर्ख लावलेली बर्फी आयुष्यभर खाल्ली, तेव्हा काही झालं नाही, आता काहून होईल?" मी उगाच घाबरून राहिले का?

तर्री_पोहे:
ताई बाटली फेका आणि कूलरला वाळ्याची नवी ताटी लावा, सुगंध तरी येते. मी मागच्या वर्षी अशाच प्रदर्शनातून गुडघ्याचा पट्टा घेतला होता, त्यावर न बोललेलंच बरं.

बुटीबोरी_सेफ्टी:
उगाच नाही घाबरल्या तुम्ही. एमआयडीसीत सेफ्टीचं काम करतो, डॉक्टर नाही, पण धूळ-धूर हाच रोजचा विषय आहे. वर्ख पोटात जातो, बराचसा तसाच बाहेर पडतो. नॅनो म्हणजे 100 नॅनोमीटरच्या आतला कण, इतका बारीक कण श्वासातून थेट फुफ्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचतो, तिथे सूज आणू शकतो, थोडी चांदी रक्तातही उतरते. 2009 साली उंदरांना 90 दिवस अशी हवा देऊन पाहिलं होतं, जास्त डोसवाल्यांच्या फुफ्फुसात सूज आली, श्वासाची क्षमताही घटली. हृदयाचं म्हणाल तर उंदरांच्या श्वासनलिकेत हे कण सोडून मग हृदयाची रक्तवाहिनी थोडा वेळ बंद करून उघडली, तर नुकसान जास्त झालं. तो डोस एकदम दिलेला होता, तुमच्या खोलीशी तशी बरोबरी करता येत नाही, पण स्टेंटवाल्या माणसावर मी तरी हा प्रयोग करणार नाही.

आता हिशोब. अमेरिकेतल्या निऑशने, म्हणजे कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने, 2021 मध्ये कामगारांसाठी मर्यादा सुचवली, एक घनमीटर हवेत 0.9 मायक्रोग्रॅम नॅनो चांदी, आठ तासांची सरासरी. 50 पीपीएम म्हणजे एका मिलीत 50 मायक्रोग्रॅम चांदी, तुमचे दहा मिली म्हणजे 500 मायक्रोग्रॅम. टाकी चार लिटरची आणि मशीन तासाला 300 मिली धुकं सोडतं असं धरलं तर तासाला 37 च्या वर मायक्रोग्रॅम हवेत. दहा बाय बाराची खोली साधारण 34 घनमीटर. म्हणजे बंद खोलीत पहिल्याच तासाला आकडा मर्यादेच्या वर. काही खाली बसेल, काही फटीतून जाईल, ते मी धरलं नाही, पण तुम्ही रात्रभर चालवता.

संत्रानगरी_ताई:
बाप्पा! मग कूलरच्या टाकीत टाकलेलं? तेही तितकंच वाईट का?

बुटीबोरी_सेफ्टी:
नाही, तिथे फरक आहे. कूलरच्या ताटीवर पांढरी खारट पापडी जमते ना, उन्हाळा संपता संपता? कूलरमधलं पाणी वाफ होऊन उडतं आणि त्यातलं क्षार-बिर ताटीवरच राहतं, चांदीचंही बरंचसं तसंच, शिंतोडे उडाले तेवढंच बाहेर. अल्ट्रासॉनिक मशीन वाफ करत नाही, ते पाण्याचे बारीक थेंबच फेकतं, पाण्यात जे असेल त्यासकट. टीव्हीच्या स्क्रीनवर बोट फिरवून बघा.

वॉर्ड_नंबर_सात:
मी नर्स आहे. खोकल्याचं सगळं चांदीवर ढकलू नका. बाबांना बीपी-हार्टसाठी रॅमिप्रिलसारखी, नावाच्या शेवटी 'प्रिल' असलेली गोळी आहे का? त्याने कोरडा खोकला येतो, बऱ्याच जणांना येतो. मशीनची टाकी रोज धुतली नसेल तर बुरशीनेही. पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका हं. छातीत दुखलं, दम लागला, घाम फुटला तर धाग्यावर विचारत बसू नका, सरळ इमर्जन्सीत.

संत्रानगरी_ताई:
टीव्हीवर बोट फिरवलं, पिठासारखं पांढरं आलं. बोअरचं पाणी टाकत होतो आम्ही. तेच बोट बाबांना दाखवलं, हिशोबापेक्षा त्याचाच जास्त परिणाम झाला, मशीन आता माळ्यावर आहे. आणि हाव, गोळी गेल्या महिन्यातच बदलली, शेवटी 'प्रिल'च आहे. सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली. बाटली मात्र अजून बाबांच्या उशाशीच, फेकू देत नाहीत, 340 रुपये दिले म्हणतात. डॉक्टरांकडे नेऊ का ती?

वॉर्ड_नंबर_सात:
न्या. लेबल काढू नका.