फौजी चुलत्यांची स्मृतिपुस्तिका : सेवेच्या नोंदी कुठून मिळवायच्या, दुकानातली हत्यारं कशी जपायची?

कृष्णाकाठ : नमस्कार मंडळी. आमचे चुलते नाना लष्कराच्या बॉम्बे सॅपर्स या अभियंता दलातून इलेक्ट्रिशियन हवालदार म्हणून निवृत्त झाले. पुढे गावात मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या पंपाच्या मोटारीत नवी तार भरून देण्याचं दुकान चालवलं. वर्षश्राद्धाला छोटी पुस्तिका काढायची आहे, शिवाय पदकं आणि दुकानातली हत्यारं दर्शनी भिंतीवर मांडायची आहेत. ते १९७१ च्या लढाईत होते असं गाव सांगतं. छापण्याआधी खात्री कशी करावी? पान्यांवर गंज चढलाय, त्याचं काय करावं?

खडकीकर : आधी डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळालेलं सेवापुस्तक शोधा. त्यात आर्मी नंबर, ट्रेड, भरतीची व निवृत्तीची तारीख, पदकं असं सगळं असतं. ते नसेल तर नंबर पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर मिळेल, किंवा पदकाच्या कडेवर भिंगातून पाहा. तिथे बहुधा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. मग मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडून पुण्यातल्या खडकीच्या बीईजी रेकॉर्ड्सकडे, म्हणजे बॉम्बे सॅपर्सच्याच नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाकडे अर्ज करा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पाठवलात तर कागद अपुरे राहत नाहीत.

१९७१ बद्दल सांगायचं तर नुसतं संग्राम मेडल असेल तर त्या काळात ते सेवेत होते, एवढंच सिद्ध होतं. ‘पूर्वी स्टार’ किंवा ‘पश्चिमी स्टार’ हे पदक असेल तर ते पूर्व किंवा पश्चिम आघाडीच्या क्षेत्रात होते असं निश्चिंतपणे लिहा. आणि गाव ‘मेजर’ म्हणत असलं तरी पुस्तिकेत हुद्दा हवालदारच छापा. त्यांनी कमावलेला हुद्दा तो आहे.

कागद लॅमिनेट करू नका. एकदा चिकटलेलं प्लास्टिक निघत नाही, कागदही जातो. पदकांना ब्रासोसारखं धातूचं पॉलिश लावू नका, घासून घासून कडेची अक्षरंच पुसली जातात. कोरडं मऊ कापड पुरे.

लेथवाला : हत्यारांचं सांगतो. साध्या लोखंडी पान्यांसाठी एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्व, प्लास्टिकच्या बादलीत. तासातासाने बाहेर काढून ब्रश मारा. गंज सुटला की लगेच थांबा. जास्त वेळ ठेवलं तर लोखंड काळवंडतं आणि खात जातं. नंतर धुऊन खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, पुन्हा धुवा आणि ताबडतोब उन्हात वाळवा. ओलं राहिलं तर बघता बघता पुन्हा तांबूस होतं. शेवटी शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात.

क्रोम किंवा जस्ताचा मुलामा असलेली हत्यारं यात घालू नका. मायक्रोमीटर आणि वायर गेज या तारेची जाडी मोजायच्या साधनांनाही हे पाणी लागू देऊ नका, रॉकेलच्या बोळ्याने पुसा. लाकडी मूठ भिजवली तर फुगून तडकते. तिला अळशीचं तेल चोळा, पण त्या तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.

ग्राइंडर किंवा एमरी (घासायचा खरखरीत कागद) अजिबात नको. पंचाने ठोकलेली नावाची अक्षरं आणि मुठीवरची बोटांची झीज, तीच तर राखायची आहे.

कृष्णाकाठ : फार उपयोगी. पुस्तिकेत मजकूर काय घ्यावा? ‘मनमिळाऊ, परोपकारी’ याच्यापुढे कुणी बोलत नाही.

विहीरपाणी : मग प्रश्न बदला. ‘कसे होते?’ असं न विचारता ‘तुमचा पंप कधी जळला, नानांनी काय केलं, पैसे कधी घेतले?’ असं विचारा. उन्हाळ्यात ऊस वाळत असताना मोटार रात्रीतून भरून देणारा माणूस शेतकरी विसरत नाही. उधारीची वही असेल तर चाळा. खोडलेल्या रकमा खूप काही सांगतात, मात्र इतरांची नावं छापू नका.

सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे रिवाइंडिंगचं रजिस्टर. जळालेली कॉइल सोडताना मोटारीची ताकद (एचपी), तार बसवायच्या खाचा (स्लॉट), तारेचे वेढे (टर्न), तारेची जाडी (गेज), कॉइलच्या दोन बाजूंमधलं अंतर (पिच) असं नाना लिहून ठेवत असणार. त्यांच्या अक्षरातलं एक अख्खं पान पुस्तिकेत घ्या, ६०० डीपीआयवर स्कॅन करून. टर्न कमी पडले की मोटार गरम होते, जास्त झाले की जोर धरत नाही, म्हणून ते आकडे आजही कामाचे आहेत. रजिस्टरची पूर्ण झेरॉक्स तालुक्यातल्या एखाद्या चालू दुकानाला द्या. जुन्या मोटारींचा डेटा दुसरीकडे सहज मिळत नाही.