बरणीतला सालसा आणि ताजा सालसा : तुमचे अनुभव लिहा

अमेरिकेत आलेल्या मराठी माणसाला मेक्सिकन जेवण फार लवकर आपलंसं वाटतं. राजमा, भात, मक्याची पोळी, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू, यातलं काहीच परकं नाही. म्हणूनच बहुतेकांच्या फ्रिजमध्ये लोणच्याशेजारी सालसाची, म्हणजे टोमॅटो-मिरचीच्या मेक्सिकन चटणीची, एक बरणी असतेच. काही जण मात्र बरणीला हात लावत नाहीत, दर वेळी टोमॅटो चिरायला घेतात.

तुम्ही काय करता आणि का, ते सविस्तर लिहा. "घरचं ते चांगलंच" एवढ्यावर थांबू नका. माझं मत आधीच सांगते. बरणीतला सालसा शिजवलेला असतो, त्यामुळे कच्च्या चिरलेल्या सालसाशी त्याची तुलना करून त्याला नापास करणं मला पटत नाही. तुलना करायचीच तर भाजून वाटलेल्या सालसाशी करा. तिथेही बरणी बहुतेकदा हरते, पण का हरते ते नीट कळतं.

सॅन अँटोनियो, टेक्सास

आमच्या गावाचा या बरणीशी जुना संबंध आहे. डेव्हिड पेस यांनी १९४७ मध्ये इथेच आपला पिकांते (म्हणजे तिखट) सॉस बाटलीत भरून विकायला सुरुवात केली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सालसाची विक्री, डॉलरमध्ये मोजली तर, केचपच्या पुढे गेली. १९९५ मध्ये कॅम्पबेल कंपनीने 'पेस' घेतली ती एक अब्ज डॉलरहून जास्त किमतीला. टोमॅटो-मिरचीच्या चटणीला एवढा भाव!

इथे सकाळी न्याहारीला टाको खातात. गव्हाची किंवा मक्याची पोळी, आत अंडं आणि बटाटा. त्यावर मला बरणीतलाच आवडतो, कारण अंडं गरम असतं आणि घट्ट सालसा त्याला धरून राहतो. ताज्या चिरलेल्याचं पाणी सुटून पोळी भिजते. शेजारच्या मेक्सिकन आजी मात्र टोमॅटो, सेरानो मिरची आणि लसूण तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजतात आणि मिक्सरला दोनदाच फिरवतात. त्यांच्याकडचा वाडगा आला की आमची बरणी आठवडाभर उघडत नाही.

शिकागो परिसर (अन्नतंत्रज्ञान हेच माझं काम)

वर "का हरते" असं विचारलंय, त्याचं उत्तर बरणीच्या झाकणाखालीच आहे. बंद बरणी महिनोन् महिने फ्रिजबाहेर टिकवायची तर पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितका आंबटपणा जास्त) ४.६ च्या खाली ठेवावा लागतो, कारण त्याच्या वर बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात. टोमॅटो या सीमेच्या अगदी जवळ असतो. कांदा, मिरची, लसूण यांना जवळजवळ आंबटपणा नसतो, ते घातले की पीएच वर सरकतो. म्हणून व्हिनेगर येतं. शिवाय सगळं मिश्रण तापवावं लागतं. कोथिंबिरीचा वास उडून जाणाऱ्या घटकांचा असतो, तो उष्णतेत टिकत नाही. कच्च्या कांद्याचा झणका जातो. फोडींचा लगदा होऊ नये म्हणून टोमॅटोत बऱ्याचदा कॅल्शियम क्लोराइड घालतात, त्याने फोडी टणक राहतात. बरणीतल्या टोमॅटोचा जरा रबरी चावा लागतो तो त्यामुळे. आता लेबल वाचून पाहा, यातला एकेक शब्द ओळखीचा वाटेल.

पण दुकानात फक्त बरणीच नसते. फ्रिजच्या कपाटात प्लॅस्टिकच्या डब्यात मिळणारा सालसा वेगळा. त्यातला काही प्रचंड दाबाखाली ठेवलेला असतो, समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाच्या सुमारे ६००० पट. दाबाने जंतू मरतात, उष्णता जवळपास लागत नाही, म्हणून चव बरीचशी कच्च्याची राहते आणि डबा काही आठवडे टिकतो. विकतचा घ्यायचाच असेल तर मी बरणी सोडून त्या कपाटाकडे जायला सांगेन.

मिनेसोटा

आमच्याकडे जानेवारीत ताजा सालसा करण्यात अर्थ नाही. हिवाळ्यातला टोमॅटो हिरवा असतानाच तोडलेला, वाटेत किंवा गोदामात इथिलीन वायूने लाल केलेला. रंग येतो, चव येत नाही. त्यापेक्षा भाजलेल्या टोमॅटोचा डबा फोडावा, त्यात कच्चा कांदा, हालापेन्यो मिरची, कोथिंबीर, लिंबू, मीठ घालून मिक्सरला एक झटका द्यावा. डब्यातला टोमॅटो शेतात पूर्ण पिकलेला असतो. ऑगस्ट आला की मग चिरायला घ्यायचं.

ग्वादालाहारा, मेक्सिको (नोकरीनिमित्त इथे)

धागा वाचून राहवलं नाही. इथे "ताजा की विकतचा" असा प्रश्न कुणाला पडलेला मी पाहिला नाही, कारण विकतचा सालसाही बहुतेकदा ताजाच असतो. टाकोच्या गाडीवर निदान दोन वाडगे असतातच, एक लाल, एक हिरवा. लाल बहुतेकदा चिले दे आर्बोल या सुक्या मिरचीचा, हिरवा तोमातियोचा. तोमातियो म्हणजे कच्चा टोमॅटो नव्हे. आपल्या रसभरीसारखं कागदी वेष्टन असलेलं ते वेगळंच आंबट फळ आहे, रसभरीच्याच कुळातलं. सोलून धुवावं लागतं, साल चिकट असते.

आणि विकतचा सालसा ही अमेरिकन कारखान्यांची कल्पना आहे, असं समजू नका. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साआगुन या स्पॅनिश फ्रान्सिस्कन धर्मगुरूने अॅझ्टेक लोकांच्या बाजाराचं वर्णन नोंदवून ठेवलंय. मिरचीचे, टोमॅटोचे, भोपळ्याच्या बियांचे तऱ्हेतऱ्हेचे सॉस विकणारे लोक त्यात आहेत. तयार सालसा विकत घेणं इतकं जुनं आहे!

इथल्या घरांत डबेही असतात. एर्देस, ला कोस्तेन्या ही नावं कुठल्याही वाण्याकडे दिसतील. घाईच्या दिवशी तो डबा फोडायला कुणी लाजत नाही. पण रविवारी मोल्काहेते बाहेर निघतं. हा काळ्या ज्वालामुखी दगडाचा तीन पायांचा खल. नवा आणला की त्यात तांदूळ पुन्हापुन्हा वाटायचे, पीठ करडं निघायचं थांबून पांढरं येईपर्यंत, नाहीतर सालसात कचकच लागते. आधी लसूण आणि जाडं मीठ, मग भाजलेली मिरची, शेवटी टोमॅटो, या क्रमाने वाटलं की लसूण सगळीकडे सारखा लागतो. मिक्सर सगळं कापतो, दगड चेंगरतो, आणि चव त्यातच बदलते. हे मी छातीठोकपणे सांगतो.

पुणे

आम्ही परदेशात नाही, पण मुलांना नाचोज आवडतात म्हणून लिहिते. इथल्या दुकानात मिळणाऱ्या बरण्या मला फार गोड लागल्या, केचपची धाकटी भावंडं म्हणावीत अशा. घरी करताना अडचण टोमॅटोची येते. नारायणगावच्या बाजारातून येणारा संकरित टोमॅटो जाड सालीचा, कमी रसाचा, दूरच्या प्रवासाला टिकावा असा. चिरलेल्या सालसाला तो खरं तर चांगला, कारण पाणी कमी सुटतं. भाजून वाटायचा असेल तर गावठी आंबट टोमॅटो शोधावा, त्याचा रंग आणि आंबटपणा दोन्ही वेगळे.

सासूबाई म्हणाल्या, "ही तर आपली टोमॅटोची कोशिंबीर." मी म्हटलं, "आई, यात दाण्याचं कूट नाही, साखर नाही, फोडणी नाही." त्यांनी चाखून पाहिलं आणि भाकरीबरोबर वाटीभर संपवलं. टोमॅटो शंभरीपार गेले होते त्या २०२३ च्या जुलैत मात्र आमच्याकडे कैरीचा केला. छान लागतो, जरूर करून बघा.

न्यू जर्सी

ज्यांच्या परसात ऑगस्टमध्ये टोमॅटो आवरत नाहीत त्यांना कळकळीने सांगायचंय. आपल्या मनाच्या प्रमाणाचा सालसा बरणीत भरून, बरणी नुसती गरम पाण्यात उकळून कपाटात ठेवू नका. शिकागोच्या दादांनी पीएचचं लिहिलंय ते अगदी खरं आहे. बरणीत भरायचा तर अमेरिकेच्या कृषिखात्याची किंवा विद्यापीठाच्या विस्तार केंद्राची तपासलेली कृती घ्या आणि त्यात कांदा-मिरची वाढवू नका. लिंबाचा रसही बाटलीतला घ्या, कारण त्याचा आंबटपणा ठरलेला असतो, ताज्या लिंबाचा नसतो. हे पटत नसेल तर सरळ फ्रीझरमध्ये ठेवा. पोत जातो, पण राजम्यात किंवा अंड्यात घालायला उत्तम.

ह्यूस्टन

मंडळाच्या सहली उन्हाळ्यात असतात, म्हणून एवढंच. ताज्या सालसाचं मोठं भांडं टेबलावर तासन् तास उघडं असतं आणि कुणाला त्यात धोका दिसत नाही. २००८ मध्ये अमेरिकेत साल्मोनेला या अन्नातून पोटात जाणाऱ्या जंतूची मोठी साथ आली, १४०० हून अधिक लोक आजारी पडले. आधी टोमॅटोवर संशय गेला, मग तपासात हालापेन्यो आणि सेरानो मिरच्यांपर्यंत धागा पोचला. कच्चं चिरलेलं सगळं एकत्र कालवलं की एका दूषित मिरचीने सगळं भांडं बिघडतं. दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नये, ३२ अंश सेल्सिअसच्या वर ऊन असेल तर एकाच तासात आत न्यावं. मी लहान वाडग्यात काढते, बाकीचा बर्फाच्या पेटीत.

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

आमच्याकडे रक्तदाब आहे, त्यामुळे माझं गणित मिठाचं. बऱ्याच बरण्यांवर दोन मोठ्या चमच्यांत सोडियम २०० मिलिग्रॅमच्या वर लिहिलेलं असतं, आणि चिप्स खाताना दोन चमचे कोण मोजतं? घरी मीठ निम्म्यावर आणलं, लिंबू वाढवलं, कुणाला फरक जाणवला नाही.

ताज्याला पाणी सुटण्याचं वर आलंय, त्यावर उपाय आहे. टोमॅटोचा बियांचा गर काढून टाका, चिरलेला कांदा थंड पाण्यात धुऊन निथळा, त्याने उग्रपणाही जातो. मीठ शेवटी, वाढायच्या दहा मिनिटं आधी. काढलेला गर फेकू नका, त्यात बराचसा आंबटपणा असतो. माझ्याकडे तो रात्रीच्या सारात जातो.

ग्वादालाहारा, मेक्सिको

फ्रीमाँटच्या ताई, इथे गर काढत नाहीत. सुटलेलं पाणी वाडग्यात तसंच राहतं आणि शेवटच्या टाकोवर ते चमच्याने घालून घेतात.